बदकांनी बिघडवलं वऱ्हाड!

ऐकलं का? गुरुकुंज मोझरीच्या फाट्यावर ऐन डिसेंबरात पहाटे पाचला चहाची टपरी उघडी असते म्हणे, आणि बाकड्यावर टेकायला जागा नसते! कोण ही माणसं? नागपूरच्या कोर्टात तारखेला निघालेली? नाही. पेशंट घेऊन सेवाग्रामला चाललेली? नाही. तुकडोजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला आलेली? तीही नाही; ती केव्हाच आंघोळी उरकून आत जाऊन बसली. ही मंडळी निघाली आहेत बदकं पाहायला. हो, बदकं! सूर्य उगवताना जन्मात ज्यांनी पाहिला नाही अशी धडधाकट, कर्तीसवरती, बँकेचे हप्ते भरणारी माणसं कानाला मफलर गुंडाळून, गळ्यात दुर्बीण अडकवून फुर्रफुर्र चहा ओढताहेत आणि दबक्या आवाजात एकमेकांना विचारताहेत, "सिंभोऱ्याले पट्टकादंब उतरले म्हंते, खरं हाय का?" काय दिवस आले, बाप्पा!

आता तुम्हीच सांगा. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं आश्रम काढला. पहाटे उठा, अंगण झाडा, गाव झाडा, सामुदायिक ध्यानाला बसा, हे त्यांनी खंजिरीवर थाप मारमारून गावोगाव सांगितलं. आपण काय केलं? माना डोलावल्या, हात जोडले आणि घरी येऊन साडेआठपर्यंत ताणून दिली. आणि आता आपल्याला उठवतं कोण? थापट्या! रुंद, चपट्या चोचीचं, पाण्यातला गाळ उपसून पोट भरणारं, सायबेरियाकडून आलेलं एक बदक! ना त्याला कीर्तन येतं ना भजन. मालखेडच्या तलावात नुसतं डोकं खुपसून त्यानं अख्ख्या अमरावतीला ब्राह्ममुहूर्ताची सवय लावली. ध्यानाला पाच मिनिटं मांडी घालून बसवत नाही म्हणून चुळबुळणारा माणूस या बदकासमोर दीड दीड तास श्वास रोखून बसतो. खोकला आला तर रुमाल तोंडात कोंबतो. घरची लक्ष्मी म्हणते, "घरात इतके गप राहाल तर रोज ओवाळीन तुम्हाले."

कोकणातल्यांनी असले चाळे केले तर एक वेळ समजू शकतं. त्यांना निदान समुद्र तरी आहे. अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा पाठ करून लोक वाळूत पालथे पडतात. कुरव आला, तुतवार आला, कालवफोड्या आला की त्यांना हर्षवायू होतो. ठाण्याच्या खाडीत रोहित पाहायला माणसं बोटीची तिकिटं काढतात. मुंबईकरच ते, रांगेत उभं राहिल्याशिवाय सुख कसं लागणार? पण वऱ्हाडाला कुठला समुद्र? आपल्याकडे काठ म्हणाल तर लुगड्याला. पण हौसेला मोल नसतं, तसा भूगोलही नसतो. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण झालं आणि त्या पाण्याला नाव मिळालं नल-दमयंती सागर. झालं की काम! आता कापडदुकानदार गल्ल्यावर मुलाला बसवून ऐटीत सांगतो, "सागरकिनारी जाऊन येतो." मुलगा हिशेबाला बसतो, गिऱ्हाईक ताटकळतं, आणि शेठ तिकडं चिखलात गुडघे टेकून शेकाट्याचे गुलाबी पाय पाहत असतात.

तरी बरं, सरकारनं नाव निवडताना शकुन चुकवला नाही. कारण या खुळाचं मूळ इथलंच, मोझरीच्याच तिवसा तालुक्यातलं. कौंडिण्यपूर माहीत आहे ना? विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच असं आपण छाती फुगवून सांगतो, रुक्मिणीचं माहेर म्हणून हात जोडतो. पण दमयंतीनं इथं काय करून ठेवलं ते कुणी सांगत नाही. महाभारताच्या वनपर्वात सगळं आहे. राजकन्या सख्यांबरोबर बागेत असताना सोनेरी पंखांचे हंस उतरले. शहाण्या मुलीनं काय करावं? जवळच्या दासीला ते हाकलायला सांगून आत जावं. ही लागली त्यांच्या पाठीमागे! सख्याही एकेका हंसामागे धावल्या. त्यातल्या एकानं तिला बाजूला गाठून निषधाच्या नळ राजाची अशी काही तारीफ केली की पोरीची झोप उडाली, अन्न गोड लागेना, उसासे सुरू झाले. रघुनाथ पंडितानं पुढं त्यावर मराठीत आख्खं आख्यान रचलं. झोप उडणं, जेवणावर वासना नसणं, एकट्यानं आभाळाकडे पाहत बसणं, ही लक्षणं आज अमरावतीच्या राजापेठेतल्या किती घरांत दिसतात विचारा. फरक एवढाच की दमयंतीला निदान नवरा मिळाला. इथं आहेत ते नवरेही हातचे चाललेत!

पुढचं तर आणखी बोलकं आहे. द्यूतात राज्य हरून रानात भटकणाऱ्या नळाला पुन्हा सोनेरी पंखांची पाखरं दिसली. भूक लागलेली, त्यानं पाखरं धरायला अंगावरचं एकुलतं एक वस्त्र त्यांच्यावर टाकलं. पाखरं वस्त्रासकट उडाली! निषधाचा राजा दिगंबर! पाखरांच्या नादी लागल्यावर अंगावर काय उरतं, हे व्यासांनी इतकं स्वच्छ लिहून ठेवलं, तरी लोक लेन्स घेतात की नाही? घेतातच! कापसाला भाव नाही म्हणून वर्षभर गळा काढणारा, फ्रिजचं दार दोरीनं बांधून चालवणारा, मुलीच्या क्लासची फी दोन तुकड्यांत भरणारा माणूस दीडशे-सहाशेची लेन्स मात्र रातोरात हप्त्यानं उचलून आणतो. दुधाच्या कॅनएवढं ते धूड! त्याला वेगळी बॅग, बॅगेला वेगळं टोपडं, आणि गाडीत पुढची सीट त्याला. बायको मागं.

आणि कपडे? ते पाहून तर दगडालाही हसू फुटेल. हिरवे-मातकट ठिपके, पानांच्या छापाच्या टोप्या, खिशाला खिसा शिवलेली जॅकेटं. सगळ्यांना झाड व्हायचंय! ही चालतीबोलती झुडपं पन्नास पावलांवर आली की बदकं भर्रकन उडतात. आणि तिथंच लाल पटका बांधलेला गुराखी वीस म्हशी घेऊन, त्यांना शिव्या हासडत, पाण्यात उतरतो, तर एक बदक मान वर करून पाहील तर शपथ! त्याची त्यांना सवय आहे, आपल्या वेषांतराची नाही. तो बिचारा काठावर पालथी पडलेली ही पंचवीस माणसं पाहून धावत आला होता म्हणे. "अबे, इतके लोकं कायले जमले? कोनी बुडलं का?"

बुडलं ना, सगळं अमरावती बुडलं!

त्यांचा एक दिवस नुसता पाहा. धुक्यातून गाडी निघते. एक टोळी मोर्शीकडे, दुसरी मालखेडकडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा पिवळ्याजर्द झालेल्या, तुरीच्या शेंगा भरलेल्या. पण तिकडं कुणाचं लक्ष असेल तर ना! मध्येच कुणीतरी किंचाळतं, "भोवत्या!" ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो, मागचा ट्रकवाला त्याच्या कुळाचा उद्धार करतो, सहा डोकी एका खिडकीतून बाहेर येतात. पिकावरून सपाट तरंगत गेलेला शिकारी पक्षी तोवर पलीकडच्या गावात पोचलेला असतो. "दिसला?" "दिसला, दिसला!" कुणालाच दिसलेला नसतो. पण नोंदवहीत सहा जणांची नोंद.

मग पाणी लागतं आणि पट्टकादंब खरोखरच दिसतात. इथं मात्र आपल्यालाही जरा गप्प बसावं लागतं, कारण त्या पाहुण्यांचा दिमाखच तसा आहे. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, पिवळी चोच, चालण्यात सरदारी डौल. मंगोलिया-तिबेटाकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या उड्डाणाची नोंद सात हजार मीटरच्याही वर झालेली आहे. आपण मोझरीची दासटेकडी चढताना दोनदा बसतो. आणि एवढा पराक्रम करून आल्यावर करतात काय? तर काठचं गवत चरतात आणि कुणाच्या तरी कोवळ्या पिकात शिरतात. शेतकरी हाकलायला काठी घेऊन येतो, आणि पंचवीस शहरी माणसं त्याच्या पाया पडायला धावतात, "काका, थांबा, उडवू नका, फोटो होऊ द्या!" पीक कुणाचं, पुळका कुणाला!

नरांपर्यंत सगळं सुरळीत चालतं. तलवार बदकाची शेपटी लांब, भुवई बदकाची भुवई पांढरी, चक्रवाक भगवा, मोतीबिंदूवाल्यालाही कळेल. खरा तमाशा माद्यांचा. सगळ्या मेल्या मातकट! ही चक्रांगाची मादी की भुवईची, यावरून दोन साडू या हिवाळ्यात बोलेनासे झाले. एकमेकांच्या घरचं जेवण बंद. मेव्हण्याच्या लग्नात एक मंडपाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. सासूबाईंनी मध्यस्थी करायची ठरवली तर दोघांनी तिला फोटो दाखवले. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि निकाल दिला, "कोंबडी दिसते." तलावात ट्यूबवर बसून जाळं टाकणाऱ्या मासेमाराला विचारावं तर त्याचं दुखणं वेगळंच. "काय पाहून राह्यले सायेब? ते काये पानकावये पाहा. माही अर्धी मासोई तेच खाऊन राह्यले!"

बाटलेल्यांच्या कहाण्या तर सांगाव्या तेवढ्या थोड्या. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून, गोफण फिरवून, डबा बडवून ज्यानं उभा जन्म भोरड्या हाकलल्या, तो म्हातारासुद्धा फितूर झाला. भोरड्यांचे थवे कणसांवर उतरले की त्याच्या तोंडून काय काय निघायचं ते छापता येणार नाही. आता तो शहरवाल्यांना धुऱ्यावर हात धरून बसवतो. "इकडं बसा, सूर्य पाठीवर घ्या, म्हंजे फोटो साजरा येते." हुरड्याचं ताट पुढं करतो, सोबत दाण्याची चटणी, आणि पैसे आधी घेतो. भोरड्यांनी खाल्लं त्याहून जास्त त्यानं भोरड्यांवर कमावलं, अशी गावात बोलवा आहे.

नातवानं त्याच्या फोनवर ते मर्लिन घालून दिलंय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं काढलेलं हे यंत्र पाखराचा आवाज ऐकून नाव सांगतं. म्हातारा फोन आभाळाकडे धरून शेतभर फिरतो. पलीकडच्या गावात कुणाच्या तरी सासऱ्याच्या घोरण्यावर या मर्लिननं घुबडाचा शेरा मारला आणि घरात तीन दिवस चूल धुमसत होती असं ऐकतो. खरं-खोटं देव जाणे. पण दहाव्याच्या दिवशीची गोष्ट मात्र सगळ्यांच्याच तोंडी आहे. पिंड मांडलेला, भटजी घड्याळ पाहताहेत, कावळा काही शिवेना. सगळे हात जोडून मयताची राहिलेली इच्छा आठवताहेत, आणि शेवटी एकदाचा कावळा उतरला तर मागून आवाज आला, "हा गावकावळा नाही, डोमकावळा आहे, मान पाहा ना, राखाडी नाही!" थोरल्या मुलानं वळून पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता हा हात उचलतो. त्यानं विचारलं, "नक्की?"

या सगळ्यावर नाकं मुरडणाऱ्यांना सांगायला हवं की वऱ्हाडी माणूस अजून फार सभ्य आहे. साहेब लोकांचे प्रताप पाहा. मेळघाटाचं भूषण म्हणून आपण ज्याला मिरवतो तो रानपिंगळा १८७३ साली जगापुढे आणला ॲलन ह्यूम यांनी. काँग्रेस काढणारे ते हेच. त्यांना पाखरांचा इतका नाद की सिमल्याच्या घरात हजारो पक्षी पेंढा भरून ठेवलेले. एका नोकरानं त्यांच्या पक्ष्यांवरच्या लिखाणाची बाडं रद्दीत विकली, साहेबांचं मन उडालं, त्यांनी सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. हे सारं त्याच सुमाराला जेव्हा काँग्रेस जन्मत होती. त्या नोकरानं रद्दी विकली नसती तर देशाचा इतिहास कुठल्या फांदीवर बसला असता?

आणि कर्नल माइनर्ट्‌झहॅगन? यांनी तर कडेलोट केला. १८८४ नंतर रानपिंगळा कुणाला मिळाला नव्हता, आणि हे महाशय म्हणाले, मी १९१४ साली गुजरातेत एक मारला! झालं, लोक वर्षानुवर्षं तिकडं झाडंझुडपं पालथी घालत राहिले. पिंगळा मिळणार कसा? कर्नलसाहेबांनी तो दुसऱ्याचा, डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं पूर्वी खानदेशात मारलेला, म्युझियममधून ढापला होता. नुसता ढापला नाही, उसवून नव्यानं शिवला, नवी चिठ्ठी बांधली! पामेला रासमुसेन या बाईंनी टाके तपासून ही चोरी उघडी पाडली, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ त्यांच्या चमूला जिवंत रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षं जो कुणाला खरोखर सापडला नव्हता, तो दिवसाढवळ्या माना वळवत बसला होता! मेळघाटातल्या कोरकूंना विचारलं असतं तर? पण विचारतो कोण.

हे खूळ आता सरकारदरबारीही शिरलंय. २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ सालीम अलींच्या. चितमपल्ली मेळघाटात अधिकारी होते; जंगलात राहून त्यांनी पाखरांची नावं अशी गोळा केली की 'पक्षिकोश' हातात घेतलेला माणूस जेवायला हाक मारली तरी ओ देत नाही. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा एरवी बदकांवरून भांडणारे सगळे गट एकाच झाडाखाली उभे दिसले. शेजारच्या वर्ध्यानं तर २०१८ मध्ये शहराचा पक्षी ठरवायला चक्क मतदान घेतलं, आणि नीळकंठ निवडून आला. नगरसेवकाच्या निवडणुकीत ज्यांना मतदानाला ओढून न्यावं लागतं ते यासाठी हौसेनं मत टाकून आले. दसऱ्याला नीळकंठ दिसला की वर्ष भरभराटीचं जातं, ही श्रद्धा जुनीच. पूर्वी त्याला पिंजऱ्यात घालून दारोदार फिरवत आणि दक्षिणा घेत. मतपेटी त्यापेक्षा बरी.

एका गोष्टीवर मात्र खोटं-खोटं नाही, खरंच चिडायला हवं. रानपिंगळ्याची शीळ मोबाइलवर वाजवायची आणि बिचारा, हद्दीत दुसरा नर घुसला म्हणून, ऐन विणीच्या दिवसांत घरटं सोडून भांडायला आला की फोटो काढायचा! एक झाला, दुसरा आला, तिसरा आला. पिंगळ्याचा सगळा दिवस नसलेल्या शत्रूशी लढण्यात. तुमच्या दाराशी रोज कुणी तुमच्या भाऊबंदाच्या आवाजात "वाटणी कर" म्हणून ओरडलं तर? टिटवीच्या अंड्यांसमोर तिवई रोवून बसणारेही याच गोतातले. यांची लेन्स एकदा नळाच्या पाखरांनी न्यावी.

बाकी आपण यात कुठंच नाही हं. आपल्याला काय करायचंय? कपाटातली ती दुर्बीण पोरासाठी आणली होती, त्यानं कॅरम मागितला म्हणून ती आपल्याकडे राहिली. उशीखालचं पक्ष्यांचं पुस्तक झोप यायला बरं पडतं. गच्चीवर आपण पापड वाळत घालायला जातो. थंडीत पापड वाळायला वेळ लागतो, मग तास-दीड तास होणारच. मोझरीच्या टपरीवर परवा कुणी आपल्याला पाहिलं असेल तर आपण दर्शनाला आलो होतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय काय एकट्या वऱ्हाडाचीच आहे?

आता जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना. १९८७ पासून आशियाभर होते ती. नुसतं पाहायचं नाही, एकेक मोजून कागदावर मांडायचं. तलाव वाटून झालेत, वडाळीचा कुणाला, मालखेडचा कुणाला, कापशीला अकोलेकर जाणारच. सिंभोऱ्याच्या गाडीत म्हणे एकच जागा उरली आहे आणि ती मागं, डिकीच्या बाजूला. तिथं कोण बसणार? उजव्या हाताला पाणी असतं हे ज्याला ठाऊक आहे त्यानं मागं बसायचं आणि सराफ्यातल्या त्या नवख्यानं खिडकी अडवायची? पट्टकादंब आणि चक्रवाक यांतला फरक तरी कळतो का त्याला? सांगा त्याला, खिडकी आमची. गिला वड्याचा डबा त्यानं आणावा.